जिंकून झालेला डाव

गेल्या वर्षी एका रविवारी मी जिंकून झालेला डाव हरलो. जिंकत आलेला नव्हे, जिंकून झालेला. असं करून दाखवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मी ज्यांच्या पाहण्यात आहे ते तिघे ही गोष्ट मिळेल त्या लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणातही सांगून बसलेत. त्यांच्या सांगण्यात तिखटमीठ फार पडतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावी.

आमचा चौघांचा अड्डा होता. मी, माझी बायको, तिची कॉलेजातली मैत्रीण आणि माझा एक मित्र. मैत्रीण आमच्याच सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये राहायची. मित्र दिवाळे गावचा, कोळ्यांतला. आजोबांची होडी खाडीत होती, वडिलांचीही होती, हा मात्र बँकेत चिकटला. रविवारी दुपारी वाशीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही बोर्ड गेम मांडायचो. मित्र घरून तळलेल्या मांदेल्या आणायचा, मैत्रीण खेळ आणायची, मी बिअर आणायचो. बायकोचं म्हणणं, तिने घर आणि सहनशक्ती आणायची.

बिअर म्हणजे वाइन शॉपमधली बाटली नव्हे. बेलापूरला एक जागा आहे, तिथे काचेमागे मोठमोठ्या टाक्या दिसतात, बिअर तिथल्या तिथे बनते आणि घरी न्यायला काचेच्या बरणीत भरून देतात. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलावर ठेवलेलं माहितीपत्रक मी दोन्ही बाजूंनी वाचलं आणि त्या दिवसापासून मला बिअरमधलं कळायला लागलं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, हे त्यातलंच ज्ञान. ते मी घरी आलेल्या प्रत्येकाला दिलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला दिलं, ते तर माळकरी आहेत. मित्र म्हणायचा, आपल्याला काय मांदेलीचाच वास येतो. मैत्रीण अतिशय सभ्य. टेबलाचा पाय लागला तरी टेबलाला सॉरी म्हणणारी. ती डोळे मिटून ग्लास हुंगायची आणि म्हणायची, हो रे, येतोय थोडासा. बायको फ्रीजकडे बोट दाखवायची. केळी तिथे होती.

आता खेळाचं. मैत्रिणीने आणलेल्या खेळांत आमचा लाडका एकच होता. एका बंदरावर वादळ चाल करून येतंय. चौघांच्या चार रंगांच्या इवल्याशा लाकडी होड्या. बंदरातून तेलाचे डबे होडीत घालायचे, समुद्रातल्या पाच दीपगृहांपर्यंत न्यायचे आणि ती पेटवायची. एकमेकांविरुद्ध खेळायचंच नाही. चौघे एका बाजूला, वादळ दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाची पाळी झाली की वादळाचा एक पत्ता उघडायचा. कधी वादळ एक घर पुढे सरकतं, कधी वारा सुटून पेटलेलं एखादं दीपगृह विझतं. पाचही पेटली की त्याच क्षणी सगळे जिंकले. वादळ आधी बंदरात शिरलं की सगळे बुडाले.

दोन वर्षांत आम्ही दर वेळी बुडालो होतो.

का, ते मला स्वच्छ दिसत होतं. मित्र आरामात खेळायचा, बायको लक्ष द्यायची नाही आणि मैत्रीण प्रत्येक चाल खेळण्याआधी परवानगी मागितल्यासारखं बघायची. राहिलो मी. मग मलाच चौघांचा विचार करावा लागायचा. बायकोची पाळी आली की तिचा हात होडीपर्यंत पोचायच्या आत माझा पोचलेला असे. मी त्याला मार्गदर्शन म्हणायचो. मित्राला तर मी होडी कशी वळवावी, भरतीला कुठून काढावी, हेसुद्धा शिकवलंय. ज्याच्या घरात तीन पिढ्यांनी खाडीत होड्या घातल्या त्याला, अंगठ्याएवढ्या लाकडी होडीबद्दल. तो शांतपणे मांदेलीचा काटा काढत म्हणाला होता, "दादूस, माज्या बापानं ऐकलं असतं ना, तर तुला जाल्यात गुंडालला असता."

अशात मैत्रिणीची गुवाहाटीला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, ती आठवड्याभरात जाणार होती. शेवटच्या रविवारी ती खेळाचं खोकं घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की जायच्या आधी एकदाच तिला ती पाचही दीपगृहं पेटलेली बघायची आहेत. चौघांनी मिळून पेटवलेली. मग लगेच म्हणाली, म्हणजे झालं तर हं, नाही झालं तरी काही नाही. जिने कधी पाण्याचा दुसरा ग्लास मागून घेतला नाही, तिने हे मागितलं होतं. आम्ही तिघेही गंभीर झालो. मी सर्वांत जास्त. आज कोणीही मध्ये मध्ये बोलायचं नाही, असं मी जाहीर केलं आणि पुढचा दीड तास एकटा बोललो.

पहिला डाव मांदेल्या गरम असतानाच बुडाला. दुसऱ्यात तीन दीपगृहं पेटली होती, तोवर मी बायकोची होडी तिच्या हातातून घेऊन उत्तरेला नेली, आणि वादळ दक्षिणेकडून आलं. मैत्रीण म्हणाली, चालायचंच. पण खोक्याच्या झाकणावरच्या चित्रातले ते पाच दिवे ती जरा जास्तच वेळ बघत होती, हे मलाही दिसलं. मग मी म्हटलं, बिअर ओतू, डोकं चालेल.

बिअर ओतली. तिला ना फेस ना फसफस. गार केलेलं जवाचं पाणी. झालं असं होतं की कुठेतरी मी वाचलं होतं, उत्तम पेयाला प्यायच्या आधी थोडा श्वास घेऊ द्यावा. म्हणून सकाळपासून बरणीचं झाकण मी उघडं ठेवलं होतं. ते वाइनबद्दल होतं, हे मला मागाहून कळलं. माझ्या बिअरने श्वास घेतला आणि प्राण सोडला.

बायकोने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, तूच जा आणि ताजी घेऊन ये. तुलाच त्यातलं कळतं. आणि सावकाश ये, घाई नाही. या तीन वाक्यांतलं मी फक्त मधलं ऐकलं. निघताना तिसरा डाव मीच मांडून दिला, कोणी कुठून जायचं ते बोटाने दाखवलं, माझी पिवळी होडी बंदरात उभी केली आणि तिला हात लावू नका, मी येईपर्यंत वादळ धरून ठेवा, असं सांगून चपला घातल्या. दार लावताना मागे कोणीतरी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. वाटलं, मनापासून खेळतायत.

बेलापूरला माझं काम पाच मिनिटांचं होतं. पण तिथे चव बघायला छोटे ग्लास देतात आणि मी निर्णय घेणारा माणूस. गव्हाची घेऊ की काळी, की ती नवी कोकम घातलेली. एकेक चाखली, मग ताळा करायला पुन्हा चाखल्या. शेजारच्या टेबलावर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांना केळ्याचं सांगितलं. ते दोघे टेबल बदलून आत गेले, एसी असेल तिकडे. शेवटी मी कोकमवाली भरून घेतली आणि रिक्षात बसलो. बरणी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. पाम बीच रोडच्या प्रत्येक सिग्नलला रिक्षावाला मागे वळून बघत होता. वाटेत पुढच्या साऱ्या चाली मी मनात खेळून टाकल्या. तिला निरोप द्यायला विजयच हवा, आणि तो मीच मिळवून देणार, यात मला काडीची शंका नव्हती.

घरी आलो तर तिघे अगदी शहाण्या मुलांसारखे बसलेले. गुरुजी आल्यावर वर्ग बसतो तसे. बायकोच्या गालात काहीतरी दडलेलं. पटावर बघतो तर चार दीपगृहं पेटलेली! वादळ बंदरापासून एक घर दूर. आणि माझी पिवळी होडी पाचव्या दीपगृहाच्या अलीकडच्या घरात, तेलाचा एक डबा घेऊन उभी.

"दादूस, तुजाच नंबर हाय," मित्र म्हणाला. "तुजी होडी आमीच चालवली, राग नको मानू. आता यक घर पुढं ने नि पेटव. बस."

मैत्रिणीने हात मांडीवर घट्ट धरले होते. म्हणाली, "तुझ्याच हाताने होऊ दे."

इथे कुठल्याही माणसाने होडी एक घर पुढे नेली असती. सोसायटीचा वॉचमन, आमच्या सेक्रेटरींची नात, रस्त्यावरून ओढून आणलेला कोणीही. मी खुर्चीत बसलो, बरणी बाजूला ठेवली आणि परिस्थितीचा अभ्यास केला. पहिली गोष्ट खटकली ती ही की होडी दक्षिणेच्या वाटेने आणली होती, मी सांगितलेल्या उत्तरेच्या नव्हे. दुसरी, डबा एकच. माझ्या योजनेत दोन होते. माझ्या पाठीमागे, माझ्याच होडीत एक डबा कमी! मी विचारलं, समजा आता पाचवं पेटवलं आणि वाऱ्याचा पत्ता निघाला, एक दीपगृह विझलं, तर पुन्हा पेटवायला तेल कुठून आणणार? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मुद्दा पटला असं मी धरलं. पाचवं पेटल्यावर पत्ता उघडायचाच नसतो, तिथे खेळ संपतो, हे मला ठाऊक होतं. नियम सगळ्यांना मीच वाचून दाखवले होते.

"एक घर," बायको म्हणाली. "पुढे. ने."

मी म्हटलं, घाईने आजवर कोणाचं भलं झालंय? आणि होडी उलटी वळवली. एक घर मागे बायकोच्या होडीत तेलाचा एक डबा उरला होता, तो उचलून घेतला, दोन्ही डबे होडीत नीट शेजारी शेजारी लावले. मित्राने डोळ्यांवर हात घेतला. मग मी शांतपणे वादळाचा पत्ता उघडला.

वादळ बंदरात शिरलं.

अशा वेळी माणसाने गप्प राहावं. पण हरलेल्या डावाची चिकित्सा करायची माझी जुनी सवय. मी सांगायला लागलो की चूक मुळात आधी झाली, दक्षिणेची वाट धरली तिथेच डाव गेला होता, मी येईपर्यंत थांबला असतात तर कदाचित वाचवता आला असता. मैत्रिणीला म्हणालो, वाईट वाटून घेऊ नकोस, मी माझ्याकडून होईल तेवढं केलं. यावर मित्र उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथून जो आवाज आला तो आधी मला खोकल्याचा वाटला.

बायकोने फोन माझ्यापुढे सरकवला. "हे बघ आणि मग बोल."

फोटो होता. पटावर पाचही दीपगृहं पेटलेली. पाचव्याच्या पायाशी माझी पिवळी होडी. मागे तिघे, हातात त्या मेलेल्या बिअरचे ग्लास उंच धरलेले, आणि मैत्रीण तोंड भरून हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. हा कधीचा, असं मी विचारलं. तू पाम बीचवर असशील तेव्हाचा, बायको म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी गेल्यावर ते तिघे गप्पा मारत, मांदेल्या खात खेळले होते. प्रत्येकाने आपापली होडी आपापल्या हाताने चालवली. माझी पाळी आली की तिघे मिळून ठरवायचे. पहिल्याच फटक्यात जिंकले. फोटो काढला, नाचले, सोंगट्या खोक्यात भरल्यासुद्धा. पण मैत्रिणीला चैन पडेना. चौघांनी मिळून म्हटलं होतं ना, मग तो नसताना जिंकलो हे काही बरं नाही, असं म्हणून तिने सगळं पुन्हा बाहेर काढलं, शेवटच्या चालीच्या अलीकडे जसं होतं तसं मांडलं आणि माझी होडी एक घर मागे ठेवली. मित्र म्हणाला, तिला आमी सांगत होतो, नको. ती ऐकायलाच तयार नाय.

मी उठून कोकमवाली बिअर चार ग्लासांत ओतली. फेस चांगला आला. वासाबद्दल मी काही बोललो नाही. मैत्रिणीपुढे ग्लास ठेवून म्हटलं, सॉरी. जिंकलेलं मी घालवलं तुझं.

ती एकेक दीपगृह उचलून खोक्यातल्या खाचेत नीट बसवत होती. छे रे, म्हणाली, माझं तर काम झालं, पाचही दिवे बघितले मी. मग हातातलं शेवटचं दीपगृह तसंच धरून ती जरा विचारात पडली, आणि टेबलाला सॉरी म्हणायची त्याच हळू, सभ्य आवाजात म्हणाली,

"दोन वर्षं मला वाटत होतं, मीच चुकून अवघड खेळ विकत घेतला."