पिल्लं न होणारे मासे
शेजारणीनं माशांच्या खाद्याची डबी उघडली, की त्या खारट वासानं मला धाराशिवचं ते माशांचं दुकान आठवतं. पाचव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं होतं. माझं मन रमावं म्हणून नवरा मला ढोकीहून मोटारसायकलवर तिथं घेऊन गेला. एका टाकीत गुण्यागोविंदानं राहतील असे मासे त्याला हवे होते. दुकानदार चाचांनी गप्पी दाखवले. “लई गरीब जात. महिन्याभरात पिल्लंच पिल्लं बघा,” ते कौतुकानं म्हणाले. “ती जगतात का?” मी विचारलं. “सगळ्यांत ठेवली तर न्हाय जगत, बेटी. मोठे मासे खातात. आईबी खाती.” नवऱ्यानं माझा दंड धरला. चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. “पिल्लं न होणारे कोणते?” मी विचारलं. त्यांनी निळ्या पट्ट्याच्या निऑन माशांकडं बोट केलं. “आपल्या बोअरच्या जड पाण्यात ह्यांना पिल्लं होत न्हाईत. कुणाच्या वाटेलाबी जात न्हाईत.” मी म्हणाले, “मग हेच द्या.” परतताना मी माशांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर धूळ उडवत चालला होता. नवऱ्यानं मागं न बघता विचारलं, “दमलीस का गं?” दवाखान्यातून आल्यापासून मी सगळ्यांना बरी आहे म्हणूनच सांगत होते. त्याला म्हणाले, “व्हय, लई दमले.” त्यानं गाडी बाजूला घेतली. बांधावर आम्ही बराच वेळ बसलो. घरी जायची घाई केली नाही, तेच बरं झालं असं आज वाटतं.