राऊटरची पहिली पंगत

माझ्याच घरातून मला बाहेर काढण्यात आलं, आणि ते काम मी स्वतःच्या हातांनी, चष्मा लावून, नीट वाचून केलं.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे गल्ली मला ‘बाई’ म्हणते आणि मला सगळं कळतं असा आम्हा दोघींचा समज आहे (गल्लीचा आणि माझा). हे गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. आमचा एकुलता एक निखिल जर्मनीत. घरात बोलायला उरले फ्रीज आणि कुकर. त्यातला कुकर निदान उत्तर तरी देतो.

गेल्या वेळी निखिल आला तेव्हा त्यानं राऊटर बसवला, मला एक टॅब दिला आणि स्वयंपाकघरात वर कोपऱ्यात कॅमेरा लावला. आई ठीक आहे ना, हे त्याला तिकडून बघता यावं म्हणून. कॅमेरा स्वस्तातला, त्याला नुसतं दिसतं, बोलता येत नाही. (थोडक्यात, ह्यांच्यासारखा.)

दर रविवारी दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवतो. इकडे माझं ताट, तिकडे त्याचा नाश्ता आणि पिठाच्या डब्याला टेकवलेला टॅब. खरं सांगते, माझा अख्खा आठवडा त्या एका ताटासाठी असतो. त्याला काय काय सांगायचं ते मी सोमवारपासून जमवत असते. त्या वेळी मध्ये कुणी कडमडू नये म्हणून माझा बटणांचा साधा फोनसुद्धा बंद करून ठेवते.

आता पासवर्डचं. शेजारच्या आक्काताईंनी तो मागितला. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत, तर पासवर्ड कुठून नाही म्हणणार? पण आक्काताई होत्या त्यांच्या गच्चीवर, कपडे वाळत घालत, आणि मी होते खाली दारात. मग मी वर्गातला आवाज काढला आणि एकेक अक्षर सुटं करून, दोनदा सांगितलं. आक्काताईंना कळायच्या आत ते गल्लीच्या टोकाला कळलं होतं.

त्या दिवसापासून वेळीअवेळी माझा कट्टा भरायला लागला. आक्काताई पायरीवर बसून मालिका बघायच्या. त्यांचे यजमान दादासाहेब, तालमीतले जुने पैलवान, कट्ट्यावर कुस्त्या बघायचे. त्यांच्या शेजारी आणखी चारदोन डोकी. वाटावं, बाईंच्या दारात केवढी माणसं! पण ती माझ्याकडे आलेली नव्हती, राऊटरकडे आली होती. सगळ्यांच्या माना खाली. मी बोलायला म्हणून दारात जाऊन उभी राहिले, तर दादासाहेब म्हणाले, “बाई, जरा कडंला व्हा. रेंज अडतीया.”

तेही चाललं असतं. पण एका रविवारी त्या गर्दीपायी निखिल घास तोंडाजवळ नेत असतानाच गोठला. तोंड उघडं, पाव अधांतरी. मी वाट पाहिली, मग त्या स्थिर चित्रासमोर बसून अख्खं जेवण उरकलं. फोटोसमोर जेवायची मला सवय आहे, पण ती एका फोटोपुरतीच पुरे.

नंतर त्यानं फोन करून सांगितलं की कॅमेराही तिकडून उघडत नाही, तेव्हा दोन कामं कर. पहिलं काम कॅमेऱ्याचं. घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या जगात मिळून एकच पत्ता असतो. बाहेरून हाक आली तर ती आत कुणासाठी आहे, हे राऊटरला आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तो दारातूनच परत पाठवतो. हे मला लगेच कळलं. आमचा पोस्टमन अख्ख्या गल्लीची पत्रं आक्काताईंच्या हातात देतो आणि त्या ती घरोघर पोचवतात. राऊटर म्हणजे आक्काताईच, फक्त तो मधल्या मधे वाचत नाही. दुसरं काम गाळणीचं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, ते ठरवून टाकायचं.

मी शनिवारी सकाळी कट्ट्यावर उभी राहून जाहीर केलं की आजपासून फुकटचं नेट बंद, ज्याला बघायचं त्यानं आपापल्या घरी बघावं. वाटलं होतं, कुणीतरी भांडेल. कोल्हापुरात एवढं बोलल्यावर भांडायची रीत आहे. पण दादासाहेब नुसतं “बरं बाई” म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. कट्टा रिकामा झाला आणि मला उगाचच झाडून घ्यावंसं वाटलं.

दुपारी माझा जुना लॅपटॉप घेऊन बसले. कॅमेऱ्याचं काम पहिल्या झटक्यात जमलं. टॅबवर निखिलचा निरोप आला, “दिसतेस. केस विंचर.” मी फुशारून गाळणीकडे वळले, तेवढ्यात मागच्या दारातून आक्काताई आमटीची वाटी घेऊन आल्या.

“रागाच्या भरात जेवला न्हाईसा,” त्या म्हणाल्या. “गरम हाय तवर खावा.”

वाटी ठेवून त्या आल्या पावली गेल्या. नेटचं नावही काढलं नाही. आता अशा बाईला बाहेर कसं ठेवायचं? राऊटर दोन पर्याय देत होता. यादीतल्यांना मज्जाव, किंवा यादीतल्यांनाच प्रवेश. मी दुसरा घेतला आणि पहिलं नाव आक्काताईंच्या फोनचं टाकलं. बायको आत आणि नवरा बाहेर हे बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्याखाली दादासाहेबांचा फोन (त्याचं नावच ‘पैलवान’). दादासाहेब आत म्हटल्यावर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारे कसे वगळणार? लग्नाच्या आमंत्रणासारखं झालं. ज्यांना अडवायला बसले होते, ते सगळे मानानं एकामागून एक आत आले. कॅमेऱ्यालाही घेतलं, तो तर निखिलचा डोळा. राहिले फक्त माझा लॅपटॉप आणि माझा टॅब.

आमच्यात घरच्या बाईनं आधी पाटावर बसायचं नसतं. पंगत उठते, उष्टी निघतात, आमटीत पाणी वाढतं, मग ती बसते. मी जन्मभर अशीच जेवले आहे. तेव्हा आधी पाहुण्यांचं ‘सेव्ह’ करून घ्यावं, मग सावकाश आपलं बघावं, अशा विचारानं मी बटण दाबलं.

राऊटरला शेवटची पंगत ठाऊक नव्हती. त्यानं यादी वाचली, यादीतल्यांना बसवलं आणि दाराला आतून कडी घातली. लॅपटॉप पांढरा पडला. टॅबवर एक चक्र गरगरू लागलं. मी राऊटर चालू-बंद केला, त्याच्यावर फुंकर मारली, शेवटी दरडावलंही. तो माझ्या एकाही विद्यार्थिनीसारखा नव्हता. एकदा सांगितलेलं त्याच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

सकाळपर्यंत त्याचा रुसवा जाईल असं मनाला सांगितलं. रविवारी भरली वांगी केली, भाकरी टाकल्या, टॅब डब्याला टेकवला, ताट वाढून बसले. चक्र फिरतच होतं, आणि माझ्या साध्या फोनवरून जर्मनीला फोन लागत नाही. आणि बाहेर कट्ट्यावरून कुस्तीचा आवाज आला, न अडखळता. दादासाहेब सकाळी जोतिबाला जाऊन आले होते. कपाळभर गुलाल घेऊन ते सवयीनं बसले असणार, फोनला नेट मिळालं, आणि बाईंचा राग गेला असं समजून सगळे परत जमले. माझं नेट, माझा कट्टा, आणि आत मी कोरडी.

दोन पावलांवर माणसं होती. “जरा तुमचा फोन द्या” एवढंच म्हणायचं होतं. पण काल ज्या तोंडानं दवंडी पिटली, त्याच तोंडानं आज मागायचं कसं? माझं आधी नाक असतं, मग पोट. बसून राहिले. भाकरी वातड झाली, वांग्यावरचं तेल थिजलं. हे गेल्यानंतरही इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं. मी पदरानं डोळे पुसले, मग टॅबला एक चापट मारली आणि शाळेत कधी उच्चारले नव्हते असे शब्द उच्चारले. (डोक्यावर कॅमेरा आहे हे साफ विसरले.)

तेवढ्यात आक्काताई आत आल्या, दोन्ही हातांत फोन धरून. निखिलला त्यांचा नंबर लहानपणापासून पाठ.

“बाई, तुमच्या निखिलचा फोन हाय. मगापासनं तुमास्नी वरनं बगतोय. म्हणतोय, आईला म्हणावं ताट निवालंय, आधी जेव.”

फोनमध्ये निखिल हलत होता, बोलत होता, कुठेही गोठत नव्हता. मी आधी केसांवरून हात फिरवला.

“आई, तू रडत होतीस की टॅबला मारत होतीस?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

मग सगळी हकिगत सांगावी लागली. निखिल इतका हसला की त्याचा पाव खाली पडला. आक्काताईंना यादीतलं पहिलं नाव आपलं हे कळल्यावर त्या उगीच खुर्चीत ताठ बसल्या. दादासाहेब दारात येऊन उभे राहिले, त्यांना आत बोलावलं, मग बाकीचेही आले. वांगी पुरणार नाहीत म्हणून मी उठायला लागले, तर आक्काताईंनी मला खांदा धरून खाली बसवलं.

“तुमी बसा. मी वाढतो.”

जन्मात पहिल्यांदा मी पहिल्या पंगतीला बसले, आणि तेही स्वतःच्याच घरात, पाहुणी म्हणून.

फोन ठेवताना निखिलनं सांगितलं की लॅपटॉपला वायर लावली की गाळणी आड येत नाही. वायर लाव, यादीत तुझं नाव टाक, झालं काम. मी बरं म्हटलं. वायर राऊटरच्या मागे अजून लोंबकळते आहे. तो दर रविवारी विचारतो आणि मी दर रविवारी सांगते की काही केल्या जमत नाही बघ. कारण माझं नाव यादीत गेलं, तर आक्काताई फोन घेऊन आणि दादासाहेब त्यांच्यामागून जेवायला कशाला येतील?

हल्ली गल्लीत बोललं जातं की बाईंना राऊटरमधलं ओ की ठो कळत नाही. ते तसंच वाटत राहावं म्हणून मला किती अभ्यास करावा लागतो, ते माझं मला ठाऊक!