सोनेरी खूण

गडब गावच्या धनेशवर मी पहिल्या दिवसापासून नजर ठेवून होते. काल-परवापर्यंत रेडिओ दुरुस्त करणारा माणूस अठ्ठ्याण्णव साली एकदम कॉम्प्युटरवाला कसा झाला? शिवाय सारखा हसायचा. फार हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

पेणजवळ जोह्यात आमचा गणपतींचा कारखाना. परदेशातल्या मंडळांच्या ऑर्डरी ईमेलवर येतील म्हणून दिराने मुंबईच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यातला मोडेम, म्हणजे फोनची तार जोडायचं कार्ड, त्याने चालवून दाखवला. विंडोज मात्र सारखी बंद पडायची.

धनेश म्हणाला, "काकी, विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. मासिकासोबत सीडी आलीय, फुकट हाय."

फुकट म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला.

लिनक्स सुरू होताना शाळेतल्या हजेरीसारखं एकेका भागाचं नाव पडद्यावर येतं. मोडेमचं आलंच नाही.

"काकी, खोलून बघू?"

"खोलायचं नाय! परवापर्यंत चालू व्हता. तुझा हात लागला नि गेला?"

दोन दिवस तो स्टुलावर बसून बाहेरूनच, की-बोर्डवरून, पोर्टांचे म्हणजे जोडणीच्या जागांचे नंबर बदलत राहिला. तेवढ्यात मी पाच कारखान्यांत सांगून आले, की गडबचा धनेश चोरून कार्डं बदलतो, सांभाळून राहा.

तिसऱ्या दिवशी तो हसला नाही. "तुमीच खोला. मी हात नाय लावत."

मी स्क्रू काढले, कार्ड उपसलं. त्याने लांबूनच पाहिलं आणि खिशातलं खोडरबर पुढे केलं. "कडेला घासा."

रबरावर सोनेरी रंग उतरला. गणपतीच्या मुकुटाचा, माझ्याच ब्रशचा.

साचे चोरीला जातात म्हणून आम्ही प्रत्येक साच्याला गुपचूप खूण करतो. धनेश यायच्या आदल्या दिवशी मी कार्डालाही केली होती, चोराला दिसू नये म्हणून नेमकी कडेच्या सोनेरी पट्टीवर. वीज तिथूनच जाते नि रंगाने अडते, हे मला काय ठाऊक?

कार्ड बसवलं. हजेरीत मोडेमचं नाव आलं. धनेशने पिशवी उचलली, "येतो काकी" एवढंच म्हणाला आणि पेणची एसटी पकडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता त्या पाचही कारखान्यांत कॉम्प्युटर आलेत. दुरुस्तीला माणूस थेट रोह्याहून येतो. "गडबचा नको गो, तो कार्डं बदलतो," असं तिथले कारखानदार मलाच सांगतात.

मी व्हय म्हणते.