मरळाचा श्वास

मी लिहायला बसलो खरा, पण लिहिण्याचा अधिकार मला आहे असं अजून वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलेलं नाही. मी शाळा शिकलो तीही उर्दूतून. मराठी माझी चुलीपुढची आणि नदीकाठची. कुठं वाक्य लंगडलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शिवाय मी सांगणार आहे त्यात मोठं असं काही नाही. एका हिवाळ्यात माझ्या वडिलांनी मांजरा नदीत एक मासा धरला, एवढंच. पण त्या सकाळी मी जे पाहिलं ते मला आजवर कुणाला नीट सांगता आलं नाही. वसतिगृहातल्या मित्रांना एकदा सांगायला गेलो, तर ते म्हणाले, मग पुढं काय झालं? तेव्हा मी सांगणं सोडून दिलं. आता लिहून पाहतो.

आम्ही भोई. आमचं गाव औराद तालुक्यात, मांजरेच्या काठाला. गावाबाहेर नदी वळते तिथं मोठा डोह आहे, तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. होडी आमच्यात कुणाकडंच नव्हती. वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, सांगडीवर बसून मासे धरायचे. सांगड म्हणजे वाळवलेले चार मोठे भोपळे, दोन पुढं आणि दोन मागं, सुंभाच्या जाळीत घालून बांबूच्या चौकटीला बांधलेले. माणूस मध्ये घोड्यावर बसावं तसा बसतो. कमरेखालचं अंग पाण्यात, हातात एक आखूड फळी, तिनं पाणी मागं सारायचं. एका सांगडीवर एकच माणूस मावतो.

भोपळा सांगडीला लायक व्हायला वर्ष लागतं. देठाशी भोक पाडून बिया काढायच्या, चुलीच्या धुरात तो टांगून ठेवायचा, मग भोकात लाकडी बूच बसवून त्यावर मधाच्या पोळ्याचं मेण आणि राळ वितळवून लावायची. थंडीच्या दिवसांत अप्पा नदीवर जाण्याआधी एकेका बुचावर अंगठा दाबून फिरवायचे, अंगठ्याच्या उबेनं मेण पुन्हा बसेपर्यंत. मी ते लहानपणापासून पाहत आलो होतो. ती त्यांची सवय आहे असं मला वाटायचं.

निजामाचं राज्य संपायच्या आधीचा हिवाळा होता. मी हैदराबादला इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुटीत घरी आलो होतो. परत जायला दोन दिवस उरले असताना माझ्या थोरल्या बहिणीचा दीर पायी चालत आमच्या दारात आला. आक्काला खटकचिंचोळीच्या बाजूला दिलेली. तिच्या सासरी नदी नाही. ते लोक भट्टी लावून फुटाणे भाजतात. आक्का बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. मुलगी झाली होती.

"लेकरू कसं हाय?" मायनं विचारलं.

दीर खाली बघत म्हणाला, "वैनीला दूधच न्हाई. शेळीचं पाजवायलोत तर वकायलंय. आवाज बी निघंना आता नीट."

 मायनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आमच्या आईनं सांगून धाडलंय," तो अप्पांना म्हणाला. "मरळ पायजे. जितता."

आमच्यात अशी रीत आहे की बाळंतिणीला दूध नसलं तर मरळाचा रस्सा द्यायचा, आणि तो मरळ माहेरचाच हवा. बापानं किंवा भावानं धरलेला. आणखी एक म्हणजे तो जिवंत घरात यायला हवा, बाळंतिणीनं त्याला हलताना पाहायला हवं. मेलेल्या माशाचा गुण लागत नाही म्हणतात. कॉलेजात गेल्यापासून मी अशा गोष्टींवर मनात शंका घ्यायला शिकलो होतो. त्या दिवशी मात्र शंका घ्यायचं धाडस झालं नाही.

"थंडीचा मरळ कुठून काढणार हाव तुम्ही?" माय म्हणाली. "चिखलात जाऊन बसलेला असतोय त्यो."

"पाण्यातून काढंन," अप्पा म्हणाले. "झाडावर तर न्हाई ना बसला."

दीर दुपारी निघून गेला. संध्याकाळी अप्पांनी मला त्यांच्या सांगडीचे पुढचे दोन भोपळे दाखवले. बुचाचं जुनं मेण तडकलं होतं. "एवढं लावून ठिव," म्हणून ते आमिषाला बारीक मासळी धरायला गेले. घरात मेणाचा गोळा बोटभरच उरला होता, काळा, माशा चिकटलेला. माझ्या पेटीत रात्री वाचायला आणलेल्या मेणबत्त्या होत्या, पांढऱ्या स्वच्छ. दोन वितळवून मी बुचांवर ओतल्या. किती गुळगुळीत बसलं ते. मी दोन-तीनदा हात फिरवून पाहिला. इतकी वर्षं शिकत होतो, घरच्या कामात माझा काही उपयोग झाला नव्हता. तेव्हा झाला असं वाटलं. अप्पांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळी आम्ही डोहावर गेलो. अप्पा त्यांच्या सांगडीवर, मी घरातल्या जुन्या सांगडीवर. अप्पांनी बुचांवर अंगठा फिरवायला हात नेला, पांढरं मेण अंधारात त्यांना दिसलं नसावं, हाताला मात्र कठीण लागलं असावं, कारण ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चांगलं बसवलास की." आणि पाण्यात उतरले.

पाण्यात पाय घातला तेव्हा गुडघ्यापर्यंत कुणीतरी दोरीनं आवळल्यासारखं झालं. थोड्या वेळानं पाय माझे आहेत की नाहीत तेच कळेना. डोहावर वाफ उभी होती. माणसाच्या उंचीची, पांढरी, जागच्या जागी हलणारी. काठ दिसत नव्हता, आभाळ दिसत नव्हतं. अप्पा माझ्यापासून दहा हातांवर होते. छातीच्या वर तेवढे दिसायचे, मग तेही पुसले जायचे. त्यांच्या फळीचा आवाज येत नव्हता. मी इतक्या वर्षांत माझ्या वडिलांना पाण्यावर नीट पाहिलंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. गावात ते पाटलाच्या ओट्यासमोरून मान खाली घालून जाणारे. इथं ते हलायचे तेव्हा नदी त्यांना वाट देते असं वाटत होतं.

"गप ऱ्हा," ते हळूच म्हणाले. "दात वाजवू नगंस. त्यो ऐकतोय."

"थंडी वाजायलीय अप्पा."

"मग कालेजात शिकीवलं न्हाई का, दात कसं धरायचं ते?"

मरळ धरायची त्यांची रीत मला त्या दिवशी कळली. मरळ पाण्यात राहतो, पण त्याला आपल्यासारखं वर येऊन हवा घ्यावी लागते. उन्हाळ्यात तो वरचेवर येतो. थंडीत चिखलात निपचित पडून राहतो आणि फार उशिरानं, अगदी गरज पडली तरच वर येतो. गळ त्याच्या नाकापुढं गेला तरच तोंड उघडणार. म्हणून आधी त्याचा श्वास शोधायचा. सांगडीवर बसून राहायचं, न हलता, आणि ऐकायचं.

आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. वाफेला वरून तांबूस रंग यायला लागला. माझ्या पोटरीला एक बारीक मासा तोंड लावून गेला. मी आक्काच्या मुलीचा विचार करत होतो, जिला मी पाहिलं नव्हतं. ती आत्ता रडत असेल का, की रडायचीही थांबली असेल.

मग तो आवाज आला. झोपलेलं मूल ओठ उघडून मिटतं तेवढाच. अप्पांनी मान वळवली नाही, नुसतं बोट उचललं. वाफेत एका जागी पाण्यावर वर्तुळ पसरत होतं.

त्यांनी सांगड तिकडं नेली, गळाला जिवंत मासळी लावलेली, आणि काठी इतक्या हळू खाली केली की दोरी पाण्यात शिरताना रेघही उमटली नाही. पुन्हा वाट पाहणं. मग काठी एकदम वाकली, आणि त्याच वेळी त्यांची सांगड पुढच्या बाजूनं खचली.

बुडबुडे मी आधी ऐकले, मग पाहिले. पुढच्या भोपळ्याचं बूच सुटलं होतं. थंड पाण्यात पांढरं मेण तडकून पापुद्र्यासारखं निघालं होतं; त्याचा तुकडा माझ्यासमोरून तरंगत गेला. अप्पा कुशीवर पाण्यात पडले. डोकं आत गेलं. काठी धरलेला हात तेवढा वर राहिला.

  मी फळी मारत त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांच्या दंडाला धरलं. डोकं वर आलं, ओठ निळे पडलेले.

"मला सोड," ते म्हणाले. "त्याला धर."

"अप्पा, तुम्ही..."

"काठी घे म्हणतो ना. मला पोहाया येतंय. त्यो गेल्यावर पुन्ना कोण आणणार हाय?"

मी दंड सोडला आणि काठी घेतली. त्या क्षणाचा मला आजही नीट हिशेब लागत नाही. एका हातातून वडील गेले आणि दुसऱ्या हातात तो मासा आला. त्याच्या ओढीनं माझी सांगड फिरली आणि वाफेत शिरली. अप्पा दिसेनात. कुठंतरी मागं पाणी हलत होतं, आणि पुढं दोरीच्या टोकाला एक जीव मला ओढून नेत होता, घाई न करता, जसं काही त्याला ठाऊक होतं कुठं जायचं ते. मला भीती वाटत होती, पण नुसती भीती नव्हती. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी होतं.

मग ओढ सैल झाली. पाणी फुगलं आणि तो माझ्या गुडघ्याजवळ वर आला. काळं, रुंद, सापासारखं डोकं. मांडीएवढं अंग, कडेला फिकट पट्टे. ओठात गळ असूनही त्यानं तोंड उघडलं आणि श्वास घेतला. तो श्वास मी ऐकला. त्याचा डोळा माझ्याकडं होता. आम्ही दोघंही एकाच थंड हवेतून श्वास घेत होतो, आणि मला वाटलं, आता याला धरणं बरोबर नाही, आणि न धरणंही शक्य नाही. मी दोन्ही हातांनी त्याला गळ्याशी धरून छातीशी ओढलं. तो धडपडला, मग शांत झाला. त्याची थंडी सदऱ्यातून माझ्या हाडापर्यंत गेली.

काठाला लागलो तेव्हा अप्पा आधीच पोहोचून तुराट्या पेटवायचा प्रयत्न करत होते. बोटं गारठून वळत नसल्यामुळं काडी पेटत नव्हती. मी पेटवली. त्यांनी आधी मासा पाहिला, मडक्यात पाणी घालून त्यात सोडला, तोंडाला ओलं फडकं सैल बांधलं. "श्वासाला जागा पायजे," म्हणाले. मग सांगड ओढून भोपळा उलटा केला, बुचाच्या कडेला राहिलेलं मेण नखानं खरवडलं आणि हुंगलं.

"हे कशाचं?"

"मेणबत्तीचं," मी म्हणालो. "माझ्याकडं होती. काळं मेण थोडंच होतं, म्हणून..."

त्यांनी नखातलं मेण जाळात टाकलं. मला वाटलं आता मारतील. लहानपणी तरी मारलं असतं.

"थंडीनं तडकतंय हे," ते म्हणाले. "तुला ठावं नव्हतं. मीबी हाताला लागल्यावर इचारलं न्हाई. शिकलेल्या लेकाला काय इचारायचं, म्हनलं."

एवढं बोलून त्यांनी ओलं धोतर पिळलं, तेच पुन्हा नेसलं, मडकं डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, मी नेतो, तुम्ही घरी जा. ते म्हणाले, "तुजी परीक्षा हाय. आन् बापानं न्यायचं असतंय." दिवसभराची वाट होती. बांधावरून ते गेले ते मी पाहत राहिलो. मडक्याला धक्का लागू नये म्हणून पाय जपून टाकत होते, आणि मधूनच थांबून खोकत होते.

दुसऱ्या दिवशी मला बीदरहून हैदराबादची गाडी धरावी लागली. तोवर अप्पा परतले नव्हते. पुढं दिवस गडबडीचे आले. मोटारी बंद पडायच्या, पत्रं मध्येच कुठंतरी राहायची. मी तीन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. रात्री मेणबत्ती लावून पुस्तक उघडायचो आणि तिच्या बुडाशी साठलेलं मेण पाहत बसायचो. मासा वाटेत मेला असेल का? अप्पा पोहोचले असतील का? ती मुलगी?

होळी जवळ आली तेव्हा वसतिगृहाच्या दारात खटकचिंचोळीचे एक दुकानदार अण्णा मला विचारत आले. गळ्यात लिंग, खांद्यावर उपरणं. माल घ्यायला शहरात आले होते. आमच्या आक्काच्या सासरशेजारी त्यांचं दुकान.

"तुज्या बानं निरोप दिलाय," ते ओट्यावर बसत म्हणाले. "मला निरोप द्यायचा तर तोबी मासळीचा. आमच्या घरात कुणी मासळीचं नाव बी घेत न्हाई."

"मासा जिवंत पोहोचला का, अण्णा?"

"मला काय इचारतोस? पर सगळी गल्ली बघायला गेली तर मीबी गेलो. मडक्यात फडाफडा करायलता. मासा धडधाकट आन् तुजा बा आडवा. ताप चढला त्याला. पंधरा दिस लेकीच्याच घरी पडून व्हता."

"आता?"

"आता काय, बरा हाय. खोकला तेवढा ऱ्हायलाय. लेकरू होईस्तोवर बापाला लेकीच्या घरचं पाणी बी चालत न्हाई, आता झालं म्हणून दोन येळा जेवायलता. भट्टीवर बसून फुटाणे भाजू लागला, निम्मे जाळले."

"आणि लेकरू?" मी विचारलं.  अण्णांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"रस्सा दिला, तिसऱ्या दिशी दूध उतरलं म्हणं. बायका सांगायलत्या. पोरीनं बाळसं धरलंय. मी निघालो तवा माझ्या तागडीची साखळी धरून बसलती. सोडंनाच."