पंखा बंद करणारा

आमच्या लालबागच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारा हा पस्तिशीचा मुलगा पदरमोड करून चाळीतल्या माणसांना बोलतं करत सिनेमे काढतो. कुणाच्याही घरात शिरला की आधी पंखा बंद करतो. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणे. बोलणाऱ्याची पावडर घामाने ओघळते, त्याचं त्याला काही नाही. "यात गोष्ट काय आहे रे?" असं विचारलं की म्हणतो, "काकू, अजून सापडतेय."

परवा ती सापडली. शेजारच्या माई कॅमेऱ्यासमोर बोलून गेल्या, की त्यांचा झील, म्हणजे मुलगा, आता फोनही करत नाही. "काकू, अख्खा सिनेमा तेवढ्यात आहे!" हा मला जिन्यात सांगत होता.

दुसऱ्या दिवशी माईंनी त्याला बोलावलं. मी तिथेच भाजी निवडत होते. आल्या आल्या त्याने सवयीने पंखा बंद केला.

"ता काढून टाक रे बाबा," माई म्हणाल्या. "झिलाक वायट वाटात."

आता हा त्यांची समजूत घालत बसणार, असं मला वाटलं. पण त्याने त्यांच्यासमोरच कॅमेऱ्यातलं ते बोलणं पुसून टाकलं. मग उठून पंखा लावला आणि त्यांच्याजवळ बसत म्हणाला, "आता सांगा माई, काय झालं?"