तायडे मॅडम आणि अण्णांची बटणं

दुसऱ्याच्या संगणकासमोर बसल्या की तायडे मॅडम आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायच्या. "मोकळे असले की तुह्या कीबोर्डवर जातीन," त्या म्हणायच्या. "मंग काम होईन, पन तुले काही येनार नाही."

नांदुऱ्याच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेत संगणक आले तेव्हा ती खोली घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी ती मॅडमच्या गळ्यात पडली आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती जिवापाड सांभाळली. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत क्लार्क. खोलीची किल्ली कोणाकडे राहावी यावरून दोघांची कायम जुंपलेली. मॅडम खूश असल्या की वऱ्हाडी बोलत आणि चिडल्या की एकदम पुस्तकी मराठीवर येत. अण्णा संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता सांगायचे, "आज मॅडम लय शुद्ध बोलल्या माह्यासंग."

मी पुण्यात एका कंपनीत प्रोग्रामर होते. अण्णांना लकव्याचा झटका आला तेव्हा नोकरी सोडून घरी आले, कारण आई एकटी होती आणि मी एकुलती एक. अण्णांचा हात हळूहळू सुधारला, पण वाचा काही परतली नाही. त्यांना सगळं कळायचं. तोंडून मात्र नुसता घशातला आवाज निघायचा. पाणी हवंय की पंखा बंद करायचाय, हे आई अंदाजाने ओळखायची. अंदाज चुकला की ते ताट ढकलून द्यायचे. ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही, तो ताट ढकलायचा आणि मग तोंड फिरवून रडायचा.

त्यांच्यासाठी मोबाईलवर एक अॅप करायचं मी मनावर घेतलं. मोठाली बटणं असतील आणि दाबलं की शब्द ऐकू येईल. तयार मिळणारी पाहिली होती. ती एक तर इंग्रजी, नाहीतर हिंदी, आणि बटणांची एवढी गर्दी की अण्णा गोंधळून मोबाईल उलटा ठेवायचे. अॅप बनवायचं तर आधी एसडीके लागतं, म्हणजे त्या कामाच्या सगळ्या अवजारांचा संच. पुण्यात माझं मशीन ऑफिसातली माणसं तयार करून हातात द्यायची. इथे होता माझा कॉलेजातला जुना संगणक, त्यावर लिनक्स, आणि इंटरनेट मोबाईलचं. डाउनलोड निम्म्यावर यायचं आणि लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. असं आठवडाभर चाललं. मी आईला म्हटलं, जमत नाही, सोडून देते.

आईने मला न विचारता मॅडमना फोन केला.

भर दुपारी पदर डोक्यावर घेऊन मॅडम आल्या. आधी अण्णांच्या खाटेपाशी गेल्या. "काय अण्णा, किल्ली कुठी ठेवली?" अण्णा हसले. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांना हसताना आम्ही पाहिलंच नव्हतं.

मग त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी नव्याने डाउनलोड सुरू करायला निघाले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आतालोक आलेलं कुठी हाय?"

"ते अर्धवट होतं मॅडम. दर वेळी पुसून टाकते."

"काऊन पुसून राह्यली वं? आलं तेवढं आलं. त्याले म्हन, आता पुढचं दे."

डाउनलोडच्या कमांडमध्ये, म्हणजे संगणकाला लिहून द्यायच्या आज्ञेत, उणे चिन्ह आणि सी हे अक्षर, एवढंच जास्तीचं घालायचं होतं. लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि डाउनलोड जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सरकायला लागलं. मी त्या वाढत्या आकड्यांकडे बघत राहिले. घरी आल्यापासून आपली पुण्यातली वर्षं वाया गेली असं माझ्या मनाने घेतलं होतं. त्या दुपारी ते ओझं थोडं हललं.

संच उघडून मी पहिली आज्ञा दिली. उत्तर आलं, कमांड सापडली नाही. मी वैतागून सगळं फोल्डरच उडवायला निघाले.

"मोठ्यानं वाच," मॅडम म्हणाल्या.

"कमांड सापडली नाही."

"सापडली नाही म्हन्ते ना? नाहीच हाय, असं म्हन्ते काय?"

"नाही."

"मंग हाय कुठीतरी. कुठी पाहाचं ते त्याले सांग."

अवजारं कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, हे संगणकाला मी सांगितलंच नव्हतं. सेटिंगच्या फाइलीत पत्त्याची एक ओळ लिहिली, आज्ञा लिहायची खिडकी बंद करून पुन्हा उघडली, आणि तीच कमांड मुकाट्याने चालली. पुढे परवान्याचा लांबलचक मजकूर आला. मी सवयीने न वाचताच होकार दाबत सुटले. मॅडम ताठ झाल्या. "स्वीकृती देण्यापूर्वी मजकूर वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही का?"

आतल्या खोलीतून अण्णांचं खुसखुसणं ऐकू आलं. मग आम्ही तो मजकूर खरंच वाचला, अर्थासकट. आईने दोनदा चहा केला. उन्हं उतरली तेव्हा एसडीके बसलं होतं, आणि मॅडमनी कीबोर्डला बोटही लावलेलं नव्हतं.

अॅप तयार झालं तेव्हा बटणांसाठी मी माझाच आवाज घेतला. "मला पाणी हवे आहे." अण्णांनी एकदा दाबलं आणि मोबाईल बाजूला सारला. पुन्हा हात लावेनात. भेटायला आलेल्या मॅडमनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "हे कोन बोलून राह्यलं? अण्णा असे बोलत होते काय कधी?" त्यांनी मोबाईल तोंडाजवळ घेतला आणि अण्णांच्या ठसक्यात म्हणाल्या, "पानी आन वं!" मग, "पंखा बंद कर." मग, "मले आंगनात बसव." मी तोच आवाज बटणांत भरला.

अण्णांनी बटण दाबलं. आई पाणी घेऊन आली. पेला भरलेला असताना त्यांनी पुन्हा दाबलं. आई दुसरा पेला घेऊन आली. तिसऱ्या वेळी तिने रागावून पाहिलं, तर अण्णा पोरासारखे हसत होते. नुसतं मागितलं की मिळतं, हे ते पुन्हा पुन्हा करून बघत होते.

आता मी इथूनच कामं घेते. वडनेर भोलजीच्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांसाठी असंच अॅप करून नेलं. त्यातला आवाज त्यांच्या थोरल्या दिराचा आहे. मॅडमनीच तसं बजावलं होतं, "ज्याच्या घरचं, त्याच्याच बोलीत पाह्यजे."

गेल्या हिवाळ्यात गुडघे फारच धरले म्हणून मॅडम कायमच्या मुलीकडे नागपूरला गेल्या. अण्णा स्टेशनवर यायचंच म्हणून बसले. मी त्यांच्या मोबाईलमध्ये मुद्दाम एक नवं बटण करून दिलं होतं, निरोपाचं. भुसावळकडून गाडी आली. मॅडम खिडकीशी बसल्या. अण्णांनी खिशातून मोबाईल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. त्यांचे ओठ किती तरी वेळ नुसते हलत होते.

"या," ते म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. मॅडमनी खिडकीचा गज घट्ट धरला. गाडी हलली तेव्हा कुठे म्हणाल्या, "हाव अण्णा. येतो मी."

परतताना रिक्षात अण्णा आणखी एकदा म्हणाले, "या." मी वळून पाहिलं. ते कोणालाच निरोप देत नव्हते. जमतंय का, तेवढंच पाहत होते.