पुढची दोरी

आमच्या चाळीत पुढच्या दोरीवर साड्या आणि चादरी वाळतात. आतले कपडे मागच्या बाजूला, तेही टॉवेलखाली झाकून. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

समोरच्या सुमनवहिनी मात्र नवऱ्याची गोधडी पुढेच वाळत घालायच्या. ते अंथरुणाला खिळलेले, सगळं जागेवरच. कितीही धुतली तरी डाग जात नसत. एकदा खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, मागे घाल ना. लोक बघतात."

"मागे ऊन येत नाही, काकू. ओलसर राहिली की त्यांच्या पाठीला लागते."

लोक बघतात म्हणून आपण आपल्या माणसांना किती ओल्यात निजवलं असेल, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवा ते गेले. गेलेल्या माणसाचं अंथरूण टाकून देतात. दिरांनी गोधडी उचलली, तर वहिनींनी ती हातातून काढून घेतली.

आज सकाळी ती धुतलेली गोधडी पुढच्या दोरीवर होती. ऊन सरकलं तशी वहिनींनी ती उलटली, आणि पाठीच्या जागी कुठे ओल राहिली नाही ना, ते तळहाताने चाचपून पाहिलं.